रिकाम्या गव्हाणींचा नाताळ

डिसेंबर लागला, संध्याकाळच्या हवेला उकडलेल्या तुरीच्या शेंगांचा वास यायला लागला, की मला भांडायची उबळ येते. कुणाशी, ते ठरलेलं नसतं. यंदा पहिला मान जालन्याच्या बाजारातल्या एका दुकानदाराला मिळाला. त्यानं दाराशी कापसाची दाढी लावलेला, पोटात हवा भरलेला एक लाल म्हातारा उभा केला होता. मला बघून म्हणाला, "घ्या ना आजी, तुमचा देव. बॅटरीवर नाचतो."

मी म्हटलं, "बाबा, आमचा देव नाचत नाही, रडतो. दूध मागतो. आणि त्याला दाढी यायला अजून पुष्कळ अवकाश आहे."

दुसरा मान शेजारच्या बाईंना. त्या चांगल्या आहेत, वाटीभर कुटाची चटणी पाठवतात, पण म्हणाल्या, "तुमचा तो इंग्रजांचा सण जवळ आला ना?" आता कोणत्या इंग्रजानं हरभऱ्याची भाजी भाकरीवर घेऊन, मांडीवर ढोलकी ठेवून, बाळ येशूचा पाळणा म्हटलाय, ते मला कुणीतरी दाखवावं. मी त्याच्या पाया पडेन. माझा नाताळ विलायतेहून आलेला नाही. तो अंबड तालुक्यात जन्मला, वडीगोद्रीपासून आत गेलेल्या एका फुफाट्याच्या रस्त्यावर, आणि तोही बहात्तरच्या दुष्काळात.

मी थोडं वाढवून सांगते, असं माझी लेक म्हणते. थोडं म्हणते हा तिचा चांगुलपणा. पण बहात्तर साल वाढवून सांगायची सोयच नाही; कितीही वाढवलं तरी खरं बहात्तर त्याच्याहून मोठंच उरतं. आमच्या विहिरीत पोहरा सोडला की तो तळाला पोचेपर्यंत काठावर दोन बायकांचं भांडण लागून, मिटून, पुन्हा लागायचं. चिमण्या घागरीच्या तोंडाशी वाकून आत बघायच्या आणि मग आमच्याकडे अशा बघायच्या, की आम्हांलाच शरम वाटावी. ढग यायचे, नाही असं नाही. पण भांडकुदळ माणूस दिसल्यावर आपण जसा रस्ता बदलतो, तसे आमच्या गावावर आले की वाकडी वाट धरायचे. पाली भिंतीवरून घसरून पडायच्या, कारण त्यांच्या पायांना ओल उरली नव्हती. हे शेवटचं मी पदरचं घातलंय. बाकीचं खरं आहे, निदान बरंचसं.

मी तेव्हा नवी सून. जालन्यात मिशनच्या शाळेत शिकलेली, पायात चपला, पेटीत इस्त्रीचं पातळ. आणि लग्नानंतर वर्षाच्या आत हातात काय, तर खडी फोडायचा हातोडा! सगळं गावच रस्त्याच्या दुष्काळी कामावर होतं. शेतं असलेले आणि नसलेले एकाच उन्हात बसलेले. दुष्काळानं जे केलं ते शेकडो वर्षांत कुणाला जमलं नव्हतं. पण ते फक्त उन्हापुरतं. पाण्यापाशी पुन्हा ज्याची त्याची रांग वेगळी.

टँकर यायचा, तो भगवानरावांच्या विहिरीत पाणी ओतायचा. भगवानराव गावचे मोठे जमीनवाले; पाणीवाटप त्यांच्याकडे होतं. माणूस दुष्ट नव्हता. नियमाचा होता, आणि नियम त्यांचेच होते. पाणी प्यायला आणि भाकरीला. आंघोळीला नाही, जनावरांना नाही. आमच्या वस्तीतल्या बायकांनी घागरी खाली ठेवून बाजूला व्हायचं, वरून त्यांचा गडी पाणी ओतणार. आमची काही घरं ख्रिस्ती, पलीकडची बौद्ध, पण विहिरीला त्यातला फरक कळत नव्हता. तिच्या लेखी आम्ही सारे एकच, लांब उभे राहायचे.

आता माझ्या सासूबाई. सोनाबाई. मी त्यांना आत्या म्हणायची. आत्यांचं वर्णन करायचं तर आधी गावातल्या माणसांना घरात जायला सांगावं लागेल, कारण त्या बोलायला लागल्या की लोक तसंच करायचे. त्यांची एक शिवी अंबडच्या एसटीच्या भोंग्याला मागे टाकायची. एकदा त्यांनी पळत्या कोंबडीला अशी शिवी दिली, की कोंबडी थांबून विचार करायला लागली. सासऱ्यांनी बाप्तिस्मा घेतलेला, माझ्या नवऱ्याचा लहानपणी झालेला. आत्यांनी मात्र कधी घेतला नव्हता. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पहिल्या रांगेत बसणार, भजनाला सगळ्यांच्या वर आवाज लावणार, नाताळाच्या करंज्या करणार, आणि पाळकसाहेबांनी विचारलं की म्हणणार, "पुढल्या सालाला. अजून माझ्या तोंडातल्या शिव्या सरल्या न्हाईत. त्या सरल्या की घेते. घाण तोंड घेऊन देवाच्या दारात कामून जाऊ?"

सालं येत गेली, जात गेली. शिव्या सरल्या नाहीत. उलट नातेवाइकांच्या कृपेनं वाढतच गेल्या.

खडीच्या कामावर आत्यांच्या शेजारी कौसाबाई बसायची. ती पलीकडच्या बौद्ध वस्तीतली, आत्यांच्याच वयाची. दोघींचं दिवसभर भांडण. कुणाचा ढीग मोठा, कुणाचा हातोडा बोथट, कुणाची सून आळशी. या शेवटच्या विषयावर दोघींचं एकमत व्हायचं, आणि तेवढा वेळ मी मान खाली घालून जोरात दगड फोडायची.

नाताळाच्या आधीच्या एका रविवारी पाळकसाहेब सायकलवरून आले. देवळात जायला कुणाला ताकद नव्हती, म्हणून खडीच्या ढिगांमध्येच उपासना. धुळीनं त्यांचा काळा कोट असा झालेला की ते स्वतःच नुकते जमिनीतून उगवल्यासारखे दिसत होते. साहेब बोलायला मऊ. त्यांनी तीच जुनी गोष्ट सांगितली. दिवस भरलेली मरिया, दारोदार फिरणारा योसेफ, कुठंच जागा नाही, मग गोठा, आणि गव्हाणीत ठेवलेलं लेकरू. आम्ही ती इतक्यांदा ऐकली होती, की निम्मे लोक डुलक्या घेत होते.

आत्यांनी मधेच हात वर केला. "साहेब, त्या गोठ्यात जनावरं व्हती?"

"असतील, सोनाआई."

"मंग दाटीच झाली असंल. हितं बघा. आमची जनावरं छावनीला गेली. काही इकली, काही मेली. वस्तीतली एकूणएक गव्हान रिकामी पडली हाय. यंदा त्याला जागाच जागा हाय. यंदा आला न्हाई तर कधी येनार हाय तो?"

डुलक्या घेणारे जागे झाले. मी आजवर पुष्कळ प्रवचनं ऐकली; माइकवरची, पंख्याखालची, दोन भाषांतली. पण नाताळाचा एवढा अर्थ कुणी एका श्वासात माझ्या पदरात टाकला नव्हता. आम्ही रिकाम्या गव्हाणीकडे बघून गेलेल्या बैलांसाठी रडत होतो. ही बाई तिथं पाहुण्याची वाट बघत होती.

पण त्यांचं संपलं नव्हतं. "अन् दुसरं. तो यायच्या आधी त्यो गोठा कुनी झाडला व्हता का?"

साहेब गोंधळले. "तसं लिहिलेलं नाही."

"न्हाईच झाडला! शेन पडलं असंल, गोमाशा असतील. गोठा झाडून ठेवा, मंग येतो, असं म्हनला न्हाई तो. घाणीत आला. अन् मी येडी, चाळीस सालं झाडूनच राह्यले की! शिव्या सरू दे, मंग घेते. साहेब, मला ह्या नाताळाला बाप्तिस्मा पायजे."

साहेबांचे डोळे भरून आले. म्हणाले, "घेऊ, सोनाआई, घेऊ. ओंजळभर पाणी पुरे."

"ओंजळभर?" आत्या उठून उभ्या राहिल्या. "शिंपडायला मी काय तुळस हाय? मी बुडनार. डोक्यासगट."

"अहो, आपल्या मंडळीत शिंपडतात. आणि अशा दिवसांत… देव काही पाणी मोजत नाही."

"देव मोजत न्हाई, मी मोजते. साहेब, करपलेल्या भगुन्यावर पानी शिंपडून निघतं काय? बुडवून ठिवावं लागतं. मी तळापासून करपलेली हाय. मला माझं भगुनं म्हाईत हाय."

साहेब शिकलेले होते, त्यांच्याकडे शास्त्राचे दाखले होते. भगुन्यावर त्यांच्याकडे काही नव्हतं.

पण बुडायचं कशात? नदी म्हणजे वाळू, ओढा म्हणजे गोटे, विहिरीत बेडकाचंही स्वागत व्हायचं नाही. उरली एक जागा. वस्तीच्या कडेला जनावरांना पाणी पाजायची जुनी दगडी डोण होती, लांबट, एका माणसाला आडवं होता येईल एवढी. तिच्यात तेव्हा पाचोळा आणि एक सरडा राहत होता. आत्यांनी सरड्याला घर सोडायला सांगितलं, म्हणजे कसं सांगितलं असेल ते तुम्ही समजा, आणि डोण राखेनं घासून घेतली. मग आपल्या वाटणीच्या पाण्यातला तांब्याभर रोज रांजणात टाकायला लागल्या. ओठांना भेगा पडल्या. मी रागावले तर म्हणाल्या, "बाळंतिणीला बी तरास व्हतोच की. मी तर बाळंतीन बी मीच अन् लेकरू बी मीच."

गोष्ट भगवानरावांच्या कानावर गेलीच. ते कामावर आले, छत्री घेतलेला गडी मागे. आत्यांपुढे उभे राहिले.

"सोने, ऐकून राह्यलो ते खरं का? पेयाचं पानी तू अंगावर घेनार?"

"माझ्या वाट्याचं हाय, मालक."

"वाटा पिण्यासाठी दिला. धरमासाठी न्हाई. एक घागर नासली तरी तुमच्या आख्ख्या वस्तीची पान्याची पाळी बंद करीन, सांगून ठिवतो. अन् मला एक सांग, बाटून तुम्हांला मिळालं काय?"

"मिळायला त्यो काय बाजार हाय, मालक?"

भगवानराव गेले. त्यांची धमकी मात्र मागे राहिली, आणि ती आमच्या प्रत्येकाच्या घागरीत जाऊन बसली. त्या संध्याकाळी वस्तीत बैठक झाली. लेकरंबाळं असलेले म्हणाले, आत्या, पाऊस पडू द्या, नदीला पाणी येऊ द्या, नदीत बुडा, आम्ही वाजत नेऊ. बरोबरच होतं त्यांचं. माझा नवरासुद्धा म्हणाला, "आई, वस्तीची पाळी गेली तर?" आत्या गप्प झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना गप्प बघितलं. त्या उठल्या आणि रांजणाचं झाकण काढून म्हणाल्या, "खरं हाय. घ्या. ज्याच्या घरी लहान लेकरू त्यानं आधी न्या."

म्हणजे त्यांनी सोडून दिलं होतं. इतक्या वर्षांनी पोटात आलेलं स्वतःचंच लेकरू त्यांनी वस्तीसाठी सोडून दिलं.

तेवढ्यात दाराशी कौसाबाई. ती बैठकीला नव्हती, पण तिच्या कानांना भिंतीचा अडथळा नसायचा. डोक्यावर घागर.

"सोने, तुझा देव मला बिलकुल मान्य न्हाई," ती म्हणाली. "आधीच सांगते. मंग घागर उतरव."

"कौसे, तुला काय करायचं आमच्यात पडून?"

"छप्पन साली आमचा नवा जन्म झाला. तव्हा बी गाव म्हनलं, पानी तोडू, काम तोडू. तोडलं. आमी मेलो का? म्हातारे, मानसानं कव्हा जन्मावं हे इहिरीच्या मालकाला इचारायचं असतंय का? धर लवकर, मान अवघडली माझी."

मग जे झालं त्याला मी चमत्कार म्हणते, आणि हे पदरचं नाही. कुणी तांब्या, कुणी लोटा, कुणी नुसतं फुलपात्र. मघाशी नको म्हणणारेच आधी आले. बौद्ध वस्तीतून बायका आल्या, एकीच्या कडेवर पोर आणि पोराच्या हातात वाटी. रांजण त्या संध्याकाळी काठाला टेकला. वर पाळी बंद होण्याची भीती होतीच. पण भीती सगळ्यांनी मिळून उचलली, की तिचं वजन फार लागत नाही.

नवा जन्म, नवा जन्म असं आम्ही ख्रिस्ती लोक फार सहज म्हणतो. गुळगुळीत झालाय शब्द. पुढं मी सरकारी दवाखान्यात आयुष्यभर बाळंतपणं केली, म्हणून सांगते, जन्म ही काही मऊ गोष्ट नाही. आरडाओरडा असतो, घाम असतो, सगळं घर जागं करावं लागतं. एकट्याला जन्मता येत नाही. कुणीतरी पाणी तापवतं, कुणीतरी हात धरतं. परमेश्वरालासुद्धा एक बाई लागली, तिचे कपडे लागले, परक्याचा गोठा लागला. आणि तुम्ही मला हवेचा फुगा दाखवून म्हणता, आजी, हा तुमचा देव!

नाताळ उजाडला. चुना कालवायला पाणी नव्हतं म्हणून देवळाच्या भिंतींना नुसती बोटं फिरवली. करंज्यांत खोबरं नव्हतं; कामावर मिळणारी सुकडी भरली, आणि मी शपथेवर सांगते, तशी करंजी पुढं साजूक तुपातही झाली नाही. लिंबावर कामट्यांची कागदी चांदणी बांधली. वारा असा होता, की चांदणी दोनदा उडून गेली आणि दोनदा लाजून परत आली.

भर दुपारी डोणीत पाणी ओतलं. वस्ती जमली, गावातलेही काही लांबून बघत होते. त्या दिवशी टँकर आलाच नव्हता, त्यामुळे ते पाणी सगळ्यांना जरा जास्तच चमकताना दिसत होतं. कुणी नजर वळवली, कुणी आवंढा गिळला. पण कुणी हात पुढं केला नाही.

आत्या पांढरं लुगडं नेसून डोणीत बसल्या. पाणी जेमतेम मांडीवर. साहेबांनी विचारलं, "सोनाआई, नवीन नाव ठेवायचं? मरिया ठेवू?"

"सोनाच. चाळीस सालं ह्या नावानं हाका मारून राह्यलाय त्यो. आता बदललं तर म्हनंल, ही कोन आली?"

मग साहेबांनी त्यांच्या पाठीखाली हात घातला. बापाच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं त्यांना मागं झुकवलं. डोकं बुडालं, गुडघे वर आले. गुडघे दाबले, डोकं वर आलं. पुन्हा तेच. शेवटी कौसाबाई पुढं झाली, बाह्या सरसावून म्हणाली, "साहेब, तुमी वरचं बघा, खालचं मी बघते," आणि तिनं आत्यांचे गुडघे दोन्ही हातांनी दाबून धरले. क्षणभर सगळ्या आत्या पाण्याखाली होत्या. मोकळे सुटलेले केस, मिटलेले डोळे, बाहेर नुसता शांत पाण्याचा काठ.

मग त्या वर आल्या आणि रडल्या. शब्द नाहीत, काही नाही. लेकरू रडतं तसं तोंड उघडून, आकाशाकडे बघत. वस्तीतल्या बायकांना काय सुचलं कुणास ठाऊक, नाताळाला बाळ येशूसाठी म्हणायचा पाळणा त्यांनी त्या साठीच्या बाईसाठी धरला. साहेबांना ते रीतीत बसतं की नाही कळेना. मग तेही गायला लागले.

पाळणा संपतो न संपतो तो गर्दी फाटली. भगवानराव. एकटेच, छत्री नाही, गडी नाही. हातात कासरा आणि कासऱ्याला त्यांचा देवणी बैल. सगळी जनावरं छावणीला गेली तरी हा एक त्यांनी मानासाठी दारात ठेवला होता. बैलाच्या तोंडाला फेस, पाय लटपटत. टँकर आला नव्हता, विहिरीत चिखल होता, आणि गावात पाणी होतं ते फक्त त्या डोणीत. ज्यात आत्ता आमची म्हातारी बसलेली होती.

मागायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. नुसते उभे. बैलानं मान पुढं ताणली.

आत्या ओल्या लुगड्यात उठल्या. थंडीनं दात वाजत होते. भगवानरावांकडे बघितलं आणि तोंड उघडलं. मालक म्हटलं नाही. "ए भगवानराव!" म्हणाल्या, आणि मग जी सुरुवात केली! त्यांच्या विहिरीपासून, त्यांच्या छत्रीपासून, पाळी बंद करण्याच्या गोष्टीपासून, अशी एकेक शिवी काढली, की लिंबावरची चांदणी तिसऱ्यांदा उडाली. आणि शिव्या देत देत त्या डोणीतून बाहेर आल्या, भगवानरावांच्या हातातला कासरा हिसकला, बैलाला डोणीपाशी आणलं आणि त्याची मान खाली दाबली. बैल प्यायला लागला. आत्यांचा एक हात त्याच्या वशिंडावरून फिरत होता, तोंडाचा पट्टा चालूच होता.

भगवानरावांचाही तिथं नवा जन्म झाला, असं मी सांगणार नाही. मी थापा मारते, पण एवढ्या नाही. दुसऱ्या दिवशी पाळी बंद झाली नाही, एवढं खरं. पण आमच्या घागरी पुढंही खालीच ठेवाव्या लागल्या. बैल पिऊन होईपर्यंत मात्र ते टोपी हातात घेऊन उभे होते, आणि एकही शिवी त्यांनी परत केली नाही.

बिचारे पाळकसाहेब. त्यांच्या कोटाच्या बाह्या अजून गळत होत्या. कळवळून म्हणाले, "सोनाआई, अहो आत्ताच तर… आत्ताच तर तुमचा नवा जन्म झाला!"

आत्यांनी तोंडावरचं पाणी पुसलं. बैलाच्या मानेवरचा हात काही काढला नाही.

"म्हूनच म्हनते साहेब, दम धरा. आत्ताच जन्मले. चालायला येळ लागंल."